शेरीफची मुदत

मुलींच्या शाळेतल्या नाटकात पुरुषांची कामंही मुलीच करणार, म्हणून दहावीतली अफशाँ चक्क आयर्लंडमधल्या एका काउंटीची हाय शेरीफ झाली होती. सौदीतल्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये तिची तालीम चालली होती. अम्मीचा काळा अबाया तिनं झग्यासारखा खांद्यावर टाकला होता आणि गालिच्यावरून चालताना तिच्या तळव्यांना ओलं हिरवं गवत लागत होतं. लांबवर धुकं उतरत होतं. समोर अब्बा कूळ होऊन बसले होते.

"कोर्टाचा हुकूम आहे. आठ दिवसांत घर रिकामं करा," शेरीफ गरजली.

अब्बांनी हातातल्या संवादांच्या वहीत पाहिलंच नाही. "साहेब, मुलीची दहावी आहे. परीक्षा होईपर्यंत तरी इथं राहायचा इकामा रद्द करू नका."

"आयर्लंडात कुठला आलाय इकामा, अब्बा?" अफशाँ हसत सुटली.

अब्बा हसले नाहीत. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली.

अफशाँनं घसा साफ केला आणि शेरीफच्याच भरदार आवाजात सांगितलं, "मुदत दिली."

शेरीफनं हुकूम नुसता बजावायचा असतो, मुदत द्यायचा अधिकार त्याला नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.