दोन दशांश

परीक्षकांनी पहिला ठोकळा हातात घेतला, आणि नेमका त्याच वेळी पद्मजाने आपला मापाचा व्हर्निअर मिटला. सहजच. पेटीत ठेवण्याआधी मिटायचा म्हणून. जबडे एकमेकांना टेकले, पण शून्यासमोर शून्य आलं नाही. ते थोडं पुढे जाऊन थांबलं होतं.

दोन दशांश मिलिमीटर.

भांडुपच्या या टेक्निकल हायस्कूलमध्ये पद्मजाच्या हाताखाली दहावीच्या बावीस मुलामुलींनी वर्षभर लोखंडाचा एकेक ठोकळा कानशीने घासून पन्नास मिलिमीटरवर आणला होता. एक दशांश इकडे-तिकडे चालत असे. त्यापलीकडे नापास. पद्मजाचा व्हर्निअर दोन दशांश जास्त दाखवत होता, म्हणजे तिच्या शब्दाखातर प्रत्येकाने दोन दशांश लोखंड जास्त घासलं होतं. घासलेलं लोखंड परत चिकटत नाही. आणि पलीकडे चंपा उभी होती. तिचे वडील गिरणीच्या संपापासून घरी बसलेले. कारखान्यातली अ‍ॅप्रेंटिसची जागा तिला याच निकालावर मिळणार होती.

चूक कुठे झाली हे पद्मजाला बरोबर ठाऊक होतं. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा मांडली होती. कानशी, हातोडे, गुण्या, प्रत्येकाला हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. तिने आपला व्हर्निअरही कौतुकाने त्यात ठेवला. आरतीच्या गडबडीत कुणाचा तरी कोपर लागला आणि तो फरशीवर पडला. पद्मजा एम.एस्सी. फिजिक्स. वर्षाच्या पहिल्याच तासाला तिने फळाभर आकृती काढून सांगितलं होतं, की उपकरण पडलं तर आधी शून्य तपासा. तिने तो उचलला, कपाळाला लावला आणि पेटीत ठेवून दिला.

वर्कशॉप सांभाळणारे गुणाजी सावंत तेव्हा शेजारीच होते. तीस वर्षं गिरणीत फिटर म्हणून घालवलेला माणूस. ठोकळ्यावरून अंगठा फिरवून माप सांगायचा.

"बाईनू, एकदा मिटून बघा तो," ते म्हणाले होते.

"गुणाजी, मोजमाप अंगठ्याने होत नाही," ती म्हणाली होती. मुलं हसली होती. आपलं वाक्य छान जमलं, असं तिला घरी मुलुंडला पोचेपर्यंत वाटत राहिलं होतं.

दिवाळीनंतर ठोकळे तिच्याकडे तपासायला येऊ लागले. पहिले दोन-तीन तिने "दोन दशांश जास्त आहे, घासून आण" म्हणून परत पाठवले. मग मात्र सगळ्यांचे बरोबर येऊ लागले. आपल्या काटेकोरपणाचं हे फळ, असं तिने मनाशी नोंदवलं. ठोकळ्यावर खडूने हजेरीचा नंबर असे. ती माप घेई, प्रकाशात धरून पृष्ठभाग पाही आणि वहीत गुण व शेरा लिही. चंपा, दहापैकी नऊ, हात स्थिर. श्यामसुंदर, चार, काम उरकलेले, कडा पाहता मन लागत नाही हे उघड. एखाद्याचा स्वभाव त्याच्या कानशीत दिसतो, असं ती स्टाफरूममध्ये दोनदा म्हणाली होती.

परीक्षक मायक्रोमीटर फिरवत होते. या महिन्यात पद्मजाचं नोकरीचं पहिलं वर्ष संपत होतं, कायम व्हायचं होतं. गप्प राहिलं तर दोष मुलांवर जाईल. ती पुढे झाली.

"सर, मला काही सांगायचंय. मुलांची यात काही—"

"पन्नास," परीक्षक म्हणाले. "वा!"

त्यांनी दुसरा उचलला. "पन्नास." तिसरा. "पन्नासला केसभर कमी. चालेल."

परीक्षकांचा मायक्रोमीटरही कधीतरी पडला असावा, असा एक शास्त्रीय विचार तिच्या मनात येऊन गेला. पण बावीसच्या बावीस ठोकळे बरोबर भरले. "मॅडम, तुमची तपासणी कडक दिसते," परीक्षक जाताना म्हणाले. "काय सांगत होतात मघाशी?"

तिने पुढे होऊन त्यांच्यासाठी दार उघडलं.

ते गेल्यावर तिने व्हर्निअर मिटून टेबलावर ठेवला. "गुणाजी, हा चुकीचा आहे. मग ठोकळे बरोबर कसे?"

गुणाजींनी चंपाकडे पाहिलं. चंपाने जमिनीकडे.

"सांग गो, आता काय," गुणाजी म्हणाले.

"बाई, तुम्ही माझा परत पाठवलात ना, तेव्हा घासायच्या आधी गुणाजीकाकांनी शाळेच्या जुन्या व्हर्निअरने मोजला. बरोब्बर होता. मी तुम्हाला सांगायला येत होते, पण काका म्हणाले, बाई चांगली आहे, पण ऐकायची नाही."

"सांगून बघितलंय मी. खंडेनवमीक," गुणाजी म्हणाले. त्यांनी खाकी शर्टाच्या खिशातून चिंधीत गुंडाळलेला एक ठोकळा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. "म्हणून मग हो ठोकळो केलंय. दोन दशांश कमी. खास तुमच्यासाठी."

ठोकळ्यावर खडूने बावीस लिहिलं होतं. त्याखाली एकवीस पुसल्याची पांढुरकी खूण होती.

"सगळ्यांनी हाच दाखवला, बाई," चंपा म्हणाली. "नंबर पुसायचा, आपला टाकायचा."

पद्मजाने ठोकळा उचलून प्रकाशात धरला. चारही कडा एकसारख्या होत्या. तीस वर्षांच्या हाताने केलेलं काम होतं ते. तिने वही उघडावी की नाही याचा विचार केला आणि उघडली नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतून श्यामसुंदर पुढे आला. दिवाळीपासून पोटात ठेवलेली गोष्ट त्याने एकदाची काढली.

"पण बाई, मग मलाच चार का दिलेत?"