नवशिक्यासाठी

ग्रिम्सबीतल्या वेपच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या, दुकानात डॉरीननं नवऱ्याच्या वेपची टाकी काउंटरवर ठेवली. तारेची गुंडाळी आणि कापूस आपल्या हातानं बसवायची जात होती ती.

"रोज संध्याकाळी चष्मा लावून तारा वळत बसतो. कापूस भरतो, शिव्या घालतो, पुन्हा सगळं उपसतो."

मालक ग्लिनला त्या माणसाची कीव आली. "ही नवशिक्याची नव्हेच. ही घ्या. एकच गुंडाळी, आत जागा ऐसपैस. तुमचा चहा होईस्तोवर तुमचे यजमान धूर काढायला लागतील."

डॉरीननं ती नीट न्याहाळली आणि परत सरकवली.

"अवघडातली दाखव. सिगारेट सोडून हे धरल्यापासून त्यानं धूर म्हणून ओढलेला नाही, खोकलासुद्धा थांबलाय. आणि काल ही त्याला जवळजवळ जमली होती."