एका बाजूची क्लिप

धवलने बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या आतला पंखा फिरला, तीन बारीक शिट्ट्या वाजल्या, स्क्रीन काळाच राहिला. मग पंखा थांबला आणि आपणहून पुन्हा सुरू झाला.

"सकाळपासून हेच चाललंय," अवनी म्हणाली. "काल दुपारपर्यंत नीट चालत होता."

पाच वाजता तिची मुलाखत होती. हॅम्बुर्गची जहाजांचे आराखडे करणारी कंपनी. त्यांच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवर ड्रॉइंग करून दाखवायचं होतं. ते सॉफ्टवेअर फक्त याच मशीनवर. आणि अलकापुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानातून धवल त्यांच्या मांजलपूरच्या घरी येईपर्यंत दुपार कलली होती.

"दुकाने लई जवुं पडशे, बेन."

"न्यायचं नाही. इथेच करा, माझ्यासमोर."

तिची मैत्रीण मोहना, तिचा लॅपटॉप असाच एका दुकानात गेला होता आणि जुनी हार्ड डिस्क घेऊन परत आला होता. अवनीने खुर्ची ओढली आणि धवलच्या कोपराशीच बसली. त्याने काढलेले स्क्रू खिशात टाकले, तेव्हा तिने उठून त्याच्यापुढे वाटी ठेवली. धवल हसला, स्क्रू वाटीत टाकले.

दारात बाबा उभे होते. प्रतापसिंह घोरपडे रिफायनरीतून रिटायर झाले तेव्हापासून घरातला मिक्सर, गीझर, इस्त्री, कशालाच परक्याचा हात लागला नव्हता. आज मात्र ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

धवलने कडेचं झाकण काढलं, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि थबकला.

"केटलां वरस जूनुं?"

"पाच."

"पाच वर्षांत आत गाद्या जमतात धुळीच्या. अहीं तो कशुं ज नथी, काहीच नाही." तो आता मराठीत आला होता, मोडक्यातोडक्या. "कोणी खोलला होता?"

"कोणी नाही." तिचा आवाज चढला. "म्हणजे आता आम्हीच बिघडवला असं म्हणणार तुम्ही?"

धवलने वाद घातला नाही. बोटाने दाखवलं. मेमरीची लांबट पट्टी तिच्या खाचेत उभी होती. एका टोकाची क्लिप घट्ट मिटलेली, दुसऱ्या टोकाची उघडी. पट्टी त्या बाजूने जरा वर आलेली.

"आ एनी मेळे ना खूले, बेन. आपोआप नाही उघडत. हातानेच उघडावी लागते."

अवनीने मान वळवली. बाबा खिडकीकडे बघत होते.

आई गेल्यापासून घरात दोघंच. तिसरं कोणी नाही. हॅम्बुर्गचं ऐकल्यावर बाबा एकदाच म्हणाले होते, "एवढं लांब?" मग रोज काहीतरी विचारायचे. तिथे थंडी किती असते, जेवायला सोबत कोण असतं. गेल्या आठवड्यात पासपोर्ट सापडत नव्हता, तो निघाला त्यांच्या जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली. तेव्हा तिला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

"बाबा, काल संध्याकाळी मी मोहनाकडे गेले, तेव्हा तुम्ही घरीच होतात ना?"

"घरीच होतो."

"मग?"

"मग काय?"

ते आत निघून गेले.

धवलने पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली. एक कट्, दुसरा कट्. बटण दाबताच स्क्रीन उजळला. निघताना त्याने आतल्या खोलीकडे बघून "आवजो, काका" म्हटलं.

अवनीने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं, कडी घातली. मुलाखत चांगली झाली. पण रेघा ओढताना तिचा एक कान सारखा बाहेर होता. आता मेन स्विच पडेल, आता वायफाय जाईल. आपण बाबांबद्दल हा विचार करतोय याची तिला लाज वाटली. तरी कान आत वळला नाही.

ती बाहेर आली तेव्हा बाबा गॅलरीत बसले होते.

"झालं?"

"झालं. घेतील. तसं म्हणालेच जवळजवळ."

"छान."

ती कठड्याला टेकून उभी राहिली. खाली सोसायटीत ऑफिसातून परतणाऱ्यांच्या स्कूटर एकेक करून लागत होत्या.

"तुम्ही उघडला होतात?"

बाबांनी तळवे एकमेकांवर घासले. "धूळ काढायला. ऐन मुलाखतीत गरम होऊन बंद पडला असता तर? ब्रशने सगळा साफ केला."

"आणि ती क्लिप?"

"एका बाजूची लागली." त्यांनी तळव्यांकडे बघितलं. "दुसरी लागली नाही, ते मला कळलं होतं."

अवनी कठड्यापासून त्यांच्याकडे वळली.

"उभ्या नोकरीत एक व्हॉल्व्ह कधी अर्धवट सोडून घरी आलो नाही मी. काल हात तिथपर्यंत गेला, आणि मी झाकण लावून टाकलं."

दुपारपासून तिने मनात कितीतरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता तोंडी येईना.

"मला जायचंय, बाबा," ती एवढंच म्हणाली.

"जा की," ते घाईघाईने म्हणाले. "मी कुठे अडवतोय?"

आणि मग, बोलून गेल्यावर, ते वाक्य त्यांच्या स्वतःच्याच कानावर पडलं.