बांधावरच्या कडुनिंबाचा गॅस

"आधी मला कापा, मग झाडाला!" राजेश्वरी कडुनिंबाला पाठ लावून ओरडली.

पुणतांब्याच्या त्या बांधावर एवढी माणसं पोळ्यालासुद्धा जमत नाहीत. समोर चुलता गोरखतात्या. त्याच्या शेजारी झाडं तोडायचं मशीन घेतलेला माणूस. झाड दोघा भावांचं सामाईक, म्हणून साक्षीला बोलावलेल्या पोलीस पाटील विजयमालाताई. मागं खोड. पळायला जागाच नाही.

आणि हे सगळं कुणामुळं? तर तिच्यामुळंच! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं ह्याच झाडाच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधली, आत सेन्सर सोडला, आणि मिथेन सापडल्यावर केवढ्या थाटात पोस्टर लावलं: 'झाडंही मिथेन सोडतात!' पहिलं बक्षीस. गावभर फोटो.

"तूच लिव्हलं ना, पोरी?" तात्या गोड हसला. "ह्या गॅसनं पृथ्वी तापती. मग असलं इखारी झाड बांधावर कशाला ठिवायचं?"

"पोस्टर मी बी वाचलंय," विजयमालाताई म्हणाल्या.

"पण तात्या, म्हणून झाडं तोडायची असं थोडंच हाय!"

"का? पोस्टर खोटं असंल तर मंग नापास करायला लाव तुझ्या सरांना!"

माणसं हसली. राजेश्वरीचे कान लाल झाले. अभ्यास, डुलकी, रुसवा, तिचं सगळं ह्याच सावलीत व्हायचं. आणि आता तिचीच अक्षरं झाडाच्या मुळावर उठली होती.

"राजे, गप. घरी चल," पलीकडून पप्पा म्हणाले. दोन वर्षं भावाशी अबोला धरलेले पप्पा आजही खाली मान घालूनच उभे होते. झाडाबद्दल एक शब्द नाही! तिला त्यांचा असा राग आला!

मशीन धडधडायला लागलं.

"थांबा! पोस्टर चुकलंय माझं!"

मशीन बंद झालं. गेलं बक्षीस, जाऊ दे खड्ड्यात.

"काल मी शाळेतल्या कडुनिंबाला बी पिशवी बांधली. तिथं काहीच न्हाई आलं. हा गॅस झाडाचा न्हाईच, खालच्या मातीतला हाय. मुळं तो पाण्यासोबत वर ओढतात, झाड बाहेर सोडतं. झाड बिचारं नुसती नळी!"

"मातीत कुठनं आला मग?" तात्यानं अगदी हळू विचारलं.

"राजे, चल म्हणतो ना!" पप्पांचा आवाज चिरकला.

आता कसली थांबते ती! "आमच्या गोबरगॅसचा खड्डा हाय ना वरच्या अंगाला? त्यातली शेणाची स्लरी झिरपत झिरपत इथवर येती. माती हुंगून बघा, अजून वास मारती!"

जिंकल्यासारखी तिनं मान ताठ केली.

तात्यानं मशीनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जा बाबा घरी. झाडाला कोन हात लावतंय?"

मग तो विजयमालाताईंकडं वळला. "ऐकलंत ना, ताई? माझी इहीर नासली तवापास्नं हेच इचारतोय मी, अन् ह्यो माझा भाऊ म्हनतो, आमचा खड्डा थेंबभर गळत न्हाई."