मान टाकेपर्यंत

बाणाला लागलेलं रक्त आर्लिसने बोटावर घेऊन बघितलं आणि ती खट्टू झाली. रक्त गडद होतं, जवळजवळ काळसर. म्हणजे बाण छातीत बसायचा तो मागे, यकृतात बसला होता. अशी हरणी मरते, पण तीन-चार तासांनी. तोवर कुणी मागे लागलं तर उठून पळते आणि पुन्हा सापडत नाही.

चूक तिचीच होती. रात्रभर वृद्धाश्रमातल्या कामावर म्हाताऱ्यांना कुशीवर वळवून ती पहाटे तशीच येऊन मचाणावर चढली होती. दमलेल्या हातांनी धनुष्य ओढू नये, हे अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला कुणी सांगायला नको होतं.

दहा वाजेपर्यंत ती गाडीत बसून राहिली. मग रक्ताचे थेंब बघत निघाली. थेंब ओकच्या झाडांखालून गेले, ओढ्याच्या कडेने गेले, आणि जिथे जायला नको होते नेमके तिथेच गेले. काटेरी तारेला हरणीच्या पोटाच्या पांढऱ्या केसांचा पुंजका अडकला होता. तारेपलीकडे चाळीस पावलांवर हरणी बसली होती. मान वर होती.

पलीकडची जमीन तिच्या भावाची, डेलमरची. विनापरवाना आत आल्यास कारवाई होईल, अशी पाटी त्याने खांबाखांबाला ठोकली होती. आई गेल्यावर जमिनीची वाटणी झाली, तेव्हापासून सहा वर्षं दोघांत शब्द नव्हता. पण हरणी मरत होती, आणि जखमी जनावर मागे टाकून आर्लिस आजवर कधी घरी गेली नव्हती.

तिने मोबाइल काढला. डेलमरच्या घरचा नंबर तिला पाठ होता. लहानपणी तो तिच्याही घरचाच होता.

"मी आहे," ती कुजबुजली.

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग, "बोल."

"माझी हरणी तुझ्या हद्दीत आलीय. जिवंत आहे. आत येऊ का?"

"कुठे लागलाय?"

"यकृतात. पावणेसातला."

"हलू नकोस तिथून," डेलमर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हा होकार की नकार, ते तिला कळेना. दहा मिनिटांनी तो झाडांमधून येताना दिसला. गोठ्यातले बूट, डोक्यावर कानटोपी, एक पाय ओढत. सहा वर्षांत तो म्हातारा झाला होता आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तारेपाशी येऊन त्याने दुर्बिणीतून हरणीकडे बघितलं.

"मागेच लागलाय," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"माहितेय."

"रात्रपाळी करून आलीस ना? झोपायचं सोडून हे धंदे."

"फ्रीजर रिकामा आहे. आणि रात्रपाळीला सुट्टी कोण देतंय?"

"मग इथून अजून एक मार. मी हो म्हणतो."

"मध्ये फांद्या आहेत. चुकला तर उठेल."

डेलमरने मागे बघितलं. हरणीच्या पलीकडे लव्हाळ्याची दलदल होती. त्यात शिरलेलं जनावर कोल्ह्यांनाच सापडायचं. "मग बसायचं," तो म्हणाला.

"बसायचं."

तो त्याच्या बाजूला खाली बसला, ती तिच्या बाजूला. टेकायला जवळपास एकच खांब होता. त्याला दोघांनी दोन बाजूंनी खांदा लावला. बोलायचं तर कुजबुजूनच, आणि कुजबुजत भांडता येत नाही.

"आईची भांडी अजून खोक्यात आहेत," तो म्हणाला. "तू नेली नाहीस."

"तू ये म्हणाला नाहीस."

"पाट्या काय तुझ्यासाठी लावल्या होत्या का?"

"मग कुणासाठी? इकडून दुसरं येतंय कोण?"

हरणीची मान थोडी कलली, पुन्हा सावरली. आर्लिसला तिची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त झोप आली. मिनिटभर डोळे मिटते, असं तिने ठरवलं.

गावातल्या अग्निशामक ठाण्याचा दुपारी बाराचा भोंगा वाजला तशी ती दचकून उठली. मान आखडली होती, उन्हं डोक्यावर आली होती. हरणी आडवी झाली होती आणि तिच्या अंगावर ओकची दोन-तीन पानं पडलेली होती. डेलमर होता तिथेच बसला होता, दुखरा पाय लांब करून.

"कधी टाकली मान?"

"तुला झोप लागली, त्यानंतर थोड्याच वेळात."

"म्हणजे तास उलटून गेला, डेलमर. मांस वाया जाईल. उठवायचं नाही का मला?"

तो हातातल्या टोपीचा काठ चाचपत राहिला.

"उठवलं असतं तर हरणी घेऊन निघून गेली असतीस."

डेलमर खांबाला धरून कण्हत उठला. खालच्या तारेवर त्याने बूट रोवला, वरची तार दोन्ही हातांनी धरून वर ओढली आणि मधल्या फटीकडे मानेने खूण केली.

"वाक. अजून वाक, पाठ अडकेल."

सहा वर्षांपूर्वी ती तार त्यानेच कसून ताणली होती. आता तीच तार त्याने वर ओढून धरली होती, आणि आर्लिस अजून निम्मीच आत आली होती.