लेकीचं हेल्मेट

धाकट्याच्या हेल्मेटला सरकारी दर्जाचा शिक्का मिळाला, त्या दिवसापासून थोरल्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. दोघा भावांचे कारखाने भिंतीला भिंत लागून. पण आता गिऱ्हाईक थोरल्याचं दार टाळून पुढे जायचं, आणि पोलिसांच्या हेल्मेटांचं कंत्राटही शिक्का नाही म्हणून त्याच्या हातचं गेलं.

"शिक्क्याचं काय घेऊन बसलात? चहापाणी केलं की कुणालाही मिळतो!" तो येईल त्याला ऐकवायचा. "तपासणी म्हणे! स्वतःचाच चांगला माल घणाखाली घालून फोडत बसला होता येडा. आजवर माझ्या हेल्मेटची एक तरी तक्रार आलीय का?"

खरंच आली नव्हती.

अशात त्याच्या लेकीने स्कूटर घेतली. "बाबा, मला आपल्याच कारखान्यातलं लाल हेल्मेट हं! काकाचं नको," ती लाडात म्हणाली. थोरल्याची छाती फुगली. "तुझ्यासाठी खास बनवतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, ओळख नसलेल्या दुकानातून पिशवीत लपवून एक लाल हेल्मेट घेऊन आला. कारखान्याचं दार आतून लावलं. हेल्मेटवरचं धाकट्याचं नाव दातओठ खात ब्लेडने खरवडून काढलं आणि तिथे स्वतःचं नाव चिकटवलं.


शिक्का खरवडायला मात्र त्याचा हात धजावला नाही.