वारसांचा क्रम

"मृत्युपत्र नाही म्हणजे घर दिराचं." वकील स्वातीनं फाइल मिटली. "क्या करें मकरंदभैया, कानून हाच आहे."

बहिणीच्या अंत्यविधीसाठी मुंडण केलेलं मकरंदचं डोकं तापलं. "अगं, बकुळताईनं शाळेत शिकवून स्वतःच्या पगारातून नगरा मोहल्ल्यात घर बांधलं! नवरा गेला त्याच महिन्यात ह्या माणसानं तिला सासरच्या घरातून बाहेर काढलं होतं. आता माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईलाही काढणार?"

'हा माणूस', म्हणजे ताईचे दीर यज्ञेश्वरराव, समोरच पान चघळत होते. "बाहेर कोण काढतंय? दिवाळीपर्यंत राहू देत की."

केवढं मोठं मन!

"क्रम कसा असतो गं?" आईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. मांडीवरची कापडी पिशवी तिनं घट्ट धरली होती. काल हट्टानं एरचला, तिच्या माहेरी जाऊन आली होती. कशाला, ते सांगेना.

"आधी मुलं आणि नवरा. मग नवऱ्याचे वारस. मावशी, आईवडील त्यानंतर येतात. भाऊ तर फारच मागे."

"असला कसला कायदा! बदलायला हवा," मकरंद ओरडला.

"बदलेपर्यंत मी राहते होय?" आई म्हणाली.

मकरंदला भडभडून आलं. ताई त्याच्याहून अठरा वर्षांनी मोठी. त्याच्या मुंजीच्या आदल्या वर्षी तिचं लग्न झालं. पिठोरीला खिरीचं वाण डोक्यावरून मागे धरून 'अतीत कोण?' विचारायचं ते आईनं. पण आईचा खांदा दुखायचा, म्हणून ताईच विचारायची. हा मागून 'मी' म्हणत वाटी पळवायचा. तिला मूलबाळ नाही, तेवढीच हौस. आणि आता तिचं घरही ह्या मेल्याच्या घशात!

यज्ञेश्वररावांनी कागद पुढे सरकवला. "घर खाली करतो म्हणून सही करा. उगाच कोर्टकचेरी कशाला?"

मकरंदनं पेन उचललं. आईनं त्याचा हात धरला.

"थांब. बकुळीला शब्द दिला होता, ती असेपर्यंत बोलणार नाही म्हणून."

पिशवीतून तिनं एक पिवळा पडलेला कागद काढला. स्वातीनं वाचला, पुन्हा वाचला आणि मकरंदकडे दिला.

एरचच्या दवाखान्याचा दाखला होता. तारीख त्याच्याच जन्माची. आईचं नाव : बकुळ.